कंदील विझला नव्हता

दिवाळी अंकाच्या मंडळींचा निरोप आला, की बाळूअण्णा, पेवात उतरणाऱ्यांपैकी तुम्हीच मागं राहिलाय, तुमच्या धाडसाचे अनुभव लिहा. मी म्हटलं, धाडसाचे कुठले? मी पहिल्यापासून भित्रा. आमच्या कामात शूर माणसं होती, नाही असं नाही, पण ती लिहायला उरली नाहीत. मी उरलो, कारण प्रत्येक वेळी मला दरदरून घाम फुटायचा. भीतीचे अनुभव चालत असतील तर लिहितो. चालतील म्हणाले. सूनबाई मोबाईलवर टाइप करतीय आणि मधूनमधून माझी भाषा सरळ करतीय. जिथं वाकडी राहील ती माझी समजा.

ज्यांना पेव म्हणजे काय ते माहीत नाही त्यांना आधी सांगतो. आमचं गाव हरिपूर, सांगलीला लागून, कृष्णेच्या काठी. आमच्या मातीचा गुण असा, की वीस-बावीस फूट खड्डा घेतला तरी आत ओल येत नाही आणि कड ढासळत नाही. खड्ड्याचं तोंड अरुंद, एक माणूस अंग चोरून उतरेल एवढंच. आत पोट मात्र मोठं. बुडाला आणि कडेनं पाचट लावायचं, हळद भरायची, तोंडावर फरशी, फरशीवर माती. झालं पेव. चार वर्षांनी उघडा, हळद तशीच, उलट रंग चढलेला. कीड म्हणून लागत नाही. का लागत नाही? आत श्वास घ्यायला हवाच उरत नाही म्हणून. आता जिथं किडा जगत नाही तिथं माणूस कसा जगंल? एवढं साधं आहे. पण घाई असली की साधं तेच आधी विसरतं.

म्हणून पेव उघडायची रीत ठरलेली. फरशी काढली की अर्धा दिवस तसंच सोडायचं. मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. वात बारीक होऊन विझली, तर पोत्यावरचं पटकूर झटकायचं आणि घरी जायचं. बुडापर्यंत जळत राहिली, तर माणूस उतरणार. त्याच्या काखेतून दोर, आणि वर दोर धरणारा एक माणूस. दोर धरणाऱ्यानं बिडी ओढायची नाही, कुणाशी बोलायचं नाही. त्यानं फक्त हाक मारत राहायचं, “हाईस का?” खालनं उत्तर यायचं, “हाय!” पुन्हा, “हाईस का?” पुन्हा, “हाय!” सगळी दुपार हेच. एकदा जरी उत्तर चुकलं तर विचार करायचा नाही, ओढायचं. खालच्याला नुसता ठसका लागला असला तरी ओढायचं. मागनं शिव्या बसल्या तर बसल्या.

आणि एक नेम होता, तो सगळ्यात अवघड. खालचा पडला, तर वरच्यानं त्याच्यामागं उतरायचं नाही.

हा नेम आमच्या घरात फार महाग पडून आला. माझा चुलता सिदूकाका आणि त्याचा जोडीदार गणपा, दोघं एका पेवावर होते. ट्रक येऊन उभा, व्यापारी कावलेला. गणपा म्हणाला, दोर कशाला, वरचंच चार टोपल्या माल काढतो. उतरला आणि बसल्यासारखा खाली गेला. सिदूकाकाला सगळं ठाऊक होतं, कंदील त्याच्याच हातात होता. पण गणपा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. त्यानं कंदील खाली ठेवला आणि उडी टाकली. मी नुकताच कामाला लागलो होतो, दोघांना वर काढताना दोराला माझाही हात होता. आबा, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी रडले नाहीत. तेराव्यानंतर मला पेवाच्या कडेला बसवून म्हणाले, “बाळू, ध्यानात ठेव. पयला मानूस चुकीनं मरतो, दुसरा मायेनं. तू दुसरा व्हायचं न्हाई. कवाच न्हाई. मी पडलो खाली तरी न्हाई.”

त्यानंतर मी दोर धरला की माझ्या तळहाताला पाणी सुटायचं. लोक हसायचे. “बाळ्या, तुज्या घामानंच दोर कुजंल की रं!” हसू दे म्हटलं. माझ्या दोरावर एक माणूस गेला नाही. ही एक गोष्ट मी छाती काढून सांगू शकत होतो. “शकत होतो” असं म्हटलंय, ते का, ते पुढं कळेल.

मग महापूर आला, पेवं पाण्यानं भरली, बरीचशी खचली. शीतगृहं उभी राहिली. आता हळद थंड हवेत गादीवर झोपल्यासारखी असते, तिला आमच्यासारख्याची गरज नाही. परवा पुण्याचं एक जोडपं आलं होतं व्हिडिओ काढायला. म्हणाले, काका, एकदा आत उतरून दाखवा, नुसतं कमरेपर्यंत. मी म्हटलं, आधी कंदील आणा. ते म्हणाले, मोबाईलची बॅटरी आहे ना. यांना काय सांगायचं! चहा पाजला आणि लावून दिलं.

पेवांच्या मालकानं, म्हणजे हळदीच्या शेठनी, मला काढलं नाही, माल तपासायला आणि ट्रकबरोबर जायला ठेवलं. तसाच एकदा, आठ-दहा वर्षं झाली असतील, रत्नागिरीला गेलो. तिथं एका मसाल्याच्या कारखान्यात आमची हळद उतरायची होती. आंबा घाटात मी डोळे मिटूनच बसलो होतो. ड्रायव्हर म्हणाला, “अण्णा, जागं हायसा न्हवं?” मी म्हटलं, “जागा हाय म्हनूनच मिटल्यात.” कारखान्यातल्या साहेबांनी पोत्यांतून नमुना काढून घेतला आणि सांगितलं, तपासून परवा कळवतो, तोवर थांबा. दोन दिवस मोकळे पडले.

स्टँडजवळच्या लॉजमध्ये खोली घेतली. रस्त्यावरनं सरळ आत गेलो, एक पायरी चढलो नाही. पण मागची खिडकी उघडली तर खाली तीन मजले! नारळाच्या झाडाचे शेंडे माझ्या पायाखाली. मी पटकन मागं सरून कॉटवर बसलो. आमच्या सांगलीत सगळं सपाट. वर म्हणजे गच्ची आणि खाली म्हणजे नदी, एवढंच आम्हाला माहीत. इथं घर कुठनं सुरू होतं आणि कुठं संपतं तेच कळेना. त्या खिडकीसंगं एकटं बसवेना, म्हणून चालायला बाहेर पडलो.

त्या एका दिवसात मी जेवढा चाललो तेवढा जन्मात चाललो नसेन. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, दोन्हीकडं दगड रचून केलेले गडगे, मधनं एक माणूस जाईल एवढी वाट, की पुन्हा उतार. एका घराचं कौल माझ्या गुडघ्याला लागतंय, तर पलीकडच्या घराचा उंबरा माझ्या डोक्यावर. पाय सारखे ब्रेक लावून दुखायला लागले. दोन वळणांनंतर मी कुठं आहे ते समजेना. एका दारात मावशी कोकमं वाळत घालत होत्या, त्यांना विचारलं. त्या हसल्या. “हरवाल कशाला वो? खाली खाली गेलाव की समुद्र, वर वर गेलाव की स्टँड.” असं सोपं गाव मी पाहिलं नाही आणि असं भीती घालणारंही पाहिलं नाही. दर दहा घरांमागं विहीर. माझी सवय अशी, की भोक दिसलं की डोकावून बघायचं. डोकावायचो आणि खोली बघून हबकून मागं सरायचो. अंधारात उतरण्यात जन्म गेला, पण उजेडात खोल बघायला मला जमत नाही.

संध्याकाळच्या आत रत्नदुर्गावर चढलो, भगवतीला हात जोडले. तटावर आलो तर तिन्ही बाजूंनी समुद्र, आणि खाली लाटा खडकावर आपटताहेत. मी सरळ खाली बसलो, मुटकुळं करून, तटाला पाठ लावून. शेजारी एक कुटुंब कडेवर उभं राहून फोटो काढत होतं. मी ओरडलो, “आवं माघारी सरा की! जीव वर आलाय का?” ते माझ्याकडं बघून हसले. मी पण हसलो, पण बसूनच. तिथनं खाली मिरकरवाड्याचं बंदर दिसत होतं, बोटी एकमेकींना खेटून उभ्या. पाणी असलं तरी ती जागा सखल होती. म्हटलं, उद्या तिकडं जाऊ, तिथं पडायला खोल काही नाही. हे मी मनाशी म्हटलेलं मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला बंदरावर पोचलो. मासळीचा वास, कावळे, जाळी विणत बसलेली माणसं. एका बोटीजवळ बोलाचाली चालली होती. बोटीचं इंजिन बिघडून ती आठ-दहा दिवस उभी होती. बर्फ घालून मासळी ठेवायचा जो कप्पा असतो, बोटीच्या पोटात, त्यात थोडी मासळी तशीच राहून गेली होती. बर्फाचं पाणी झालेलं. आता कुणीतरी उतरून कप्पा साफ करायचा होता. दत्ताराम नावाचा खलाशी, पन्नाशीचा, दोन पायऱ्या उतरून परत वर आला होता आणि डोकं धरून बसला होता. त्याचा धाकटा भाऊ सूर्या त्याला म्हणत होता, “दादा, तुला जमत नसंल तर मी उतरतंव.” दत्ताराम म्हणत होता, “थांब जरा. आत काय बरोबर नाय.”

मला वाटलं, माझाच माणूस भेटला. शहाणा आहे, भ्यायला येतं याला. मी पुढं झालो. “भाऊ, मी सांगलीचा. जन्मभर असल्याच भोकांत उतरलोय. सांगू का काय करायचं ते?”

“पावनं कुठशी आलं मधी?” सूर्या म्हणाला. पण दत्तारामनं मला हात धरून बोटीवर घेतलं. मी पेव सांगितलं, सिदूकाका सांगितला, दोर आणि कंदील सांगितला. दहा-बारा माणसं गोळा झाली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. कालपासून मी त्या गावात लहान पोरासारखा भीत फिरत होतो, आणि आता सगळे माझ्याकडं कान देऊन ऐकत होते. पेवं बुडाल्यापासून कुणी माझं असं ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, आधी झाकण उघडं ठेवा. दोन तास ठेवलं. पहिल्यांदा सडलेल्या अंड्यासारखा घाण वास भपकन आला, सगळ्यांनी नाकं धरली. मी मात्र कप्प्याच्या तोंडाशीच वाकून बसलो होतो. थोड्या वेळानं वास यायचा थांबला. मी म्हटलं, “चांगली खूण हाय. निवळतंय.” बोटीवर जुना कंदील होता. तो पेटवला, दोराला बांधला आणि हळूहळू सोडला. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. कंदील तळाशी, त्या काळ्या पाण्याच्या वर वीतभर जाऊन थांबला. ज्योत ताठ. जराही हलली नाही. मी मनात शंभर मोजले. ज्योत तशीच.

दत्तारामनं विचारलं, “काय वो? उतरू?”

मी म्हटलं, “उतरा. काय भ्या न्हाई.”

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला “भ्या न्हाई” असं म्हटलं होतं.

दोर मात्र मी सोडला नाही. दत्तारामच्या काखेतून दोर घातला, गाठ माझ्या हातानं मारली. सूर्या हसला, “आठ पायऱ्यांना दोर? दादा, तुला आता बैलासारखा बांदला.” मी दोर हाताला गुंडाळला आणि हाक सांगितली. दत्ताराम उतरला. “हायसा का?” “हाय.” बादलीचा आवाज आला. “हायसा का?” “हाय वो.” एकदा खाकरला. “हायसा का?”

काही नाही.

आबा असते तर म्हणाले असते, ओढ. मी पण ओढायलाच पाहिजे होतं, तत्क्षणी. पण मी कंदिलाकडं बघितलं. कंदील जळत होता. मला वाटलं, कंदील जळतोय म्हणजे हा ठीक असणार, बादली भरत असंल. मी पुन्हा हाक मारली. तेवढा वेळ मी घालवला. किती होता तो वेळ? दोन श्वास, तीन श्वास. गेली इतकी वर्षं मी तो मोजतोय.

मग ओढलं. तो जड लागला, आणि जड लागला की काय समजायचं ते माझ्या हाताला ठाऊक होतं. “ओढा, ओढा” म्हणून ओरडलो. सूर्या मात्र दोराला न लागता कप्प्याकडं धावला. “दादा!” म्हणून पहिल्या पायरीवर पाय टाकला. मी दोर दोघा खलाशांच्या हातात दिला आणि सूर्याला कमरेतून मिठी मारली. तो माझ्यापेक्षा तीस वर्षांनी तरणा. त्यानं मला कोपरानं मारलं, डोक्यानं मारलं, माझा एक दात तेव्हाच गेला. शिव्या तर विचारू नका. मी एवढंच म्हणत होतो, “तू दुसरा न्हाई व्हायचं. तू न्हाई.” दत्ताराम तोंडाशी अडकला, खांदा अडकला. चौघांनी मिळून बाहेर काढला. तोंड निळं, डोळे वर. त्याला वाऱ्याला आडवा केला, कुणीतरी छाती दाबत होतं. मी कोपऱ्यात बसून होतो. माझ्या धोतरात पाणी झालं होतं, हे लिहायला मला लाज नाही.

रिक्षात घालून दवाखान्यात नेला. दोन दिवस तो नळीवर होता. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून विचारलं, काय केलंत? मी कंदिलाचं सांगितलं. डॉक्टर तरुण होता, त्यानं रागावून सांगितलं नाही, समजावून सांगितलं, त्यामुळं जास्त लागलं. म्हणाला, “काका, तुमच्या पेवात हवा संपलेली असते, म्हणून दिवा विझतो. इथं मासळी सडून विषारी वायू होतो. माणूस मरेल एवढा तो असला तरी दिव्याला कळत नाही. आणि वास गेला म्हणालात ना, तो वायू गेला नव्हता. तुमचं नाक मेलं होतं.”

म्हणजे माझ्या तीन पिढ्यांच्या विद्येनं त्या माणसाला आत घातला होता. तो शहाणा माणूस वर येऊन बसला होता. मी गेलो नसतो तर कदाचित उतरलाच नसता.

तिसऱ्या दिवशी दत्ताराम बोलायला लागला. तोवर बंदरावर वेगळीच गोष्ट पसरली होती. सांगलीच्या पावण्यानं दोर बांधायला लावला म्हणून दत्ता वाचला, सूर्याला धरलं म्हणून दुसरा जीव वाचला. खोटं नव्हतं. निम्मं होतं. मला जेटीवर नेलं, शाल घातली, नारळ दिला. दत्तारामच्या बायकोनं सगळ्यांसमोर माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी तोंड उघडलं होतं सांगायला. पण सूर्या शेजारी उभा राहून रडत होता, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मला त्या पाण्याची, त्या माणसांची, सगळ्याचीच भीती वाटली. मी नारळ घेतला. एक दिवस उशिरा, त्याच दिवशी कारखान्यानं कळवलं, माल पास. मी ट्रकमध्ये चढलो आणि घाटात परत डोळे मिटले.

ती शाल ट्रंकेत आहे. एकदाही अंगावर घेतली नाही. दर दिवाळीला दत्तारामचा फोन येतो. “अन्ना, बरं हाय मा?” त्याच्या मुलीचं लग्न झालं, नातू झाला, सगळं सांगतो. त्याच्या घरून सुकी मासळी येते. घरातले चवीनं खातात. मला घास उतरत नाही.

आता हे छापायचं म्हटल्यावर त्याच्या आधी त्याला सांगणं भाग होतं. गेल्या आठवड्यात दुपारी मीच फोन लावला. सूनबाईला बाहेर पाठवलं. सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला ते, आणि “हाय” आलं नाही तरी मी कंदिलाकडं बघत बसलो तेही. म्हटलं, “दत्ताराम, मी तुमाला वाचवलं न्हाई. मीच तुमाला घातलं हुतं.”

तो हळू म्हणाला, “अन्ना, तो कंदील मी कुठं बगितला वो? मला कंदिलातलं काय कळतंय? मी तुमच्या तोंडाकडं बगत व्हतो. दोन तास बगत व्हतो. तुमी घाबरलेलं होताव. मग कंदील सोडल्यावर तुमच्या तोंडावरचं भ्या गेलं, तवा मी उतरलो.”

मला पुढं बोलवेना. तिकडूनही आवाज येईना. माझ्या तळहाताला पाणी सुटलं, फोन हातातून निसटायला लागला. मी दोन्ही हातांनी धरला आणि ओरडलो, “दत्ताराम, हायसा का? हायसा का?”

या वेळी मी कशाकडं बघितलं नाही, थांबलो नाही, ओरडतच राहिलो, तिकडनं “हाय वो अन्ना, हाय” असं येईपर्यंत.